प्रथिननिर्मितीचा फोमचा संच: घ्यावा, पण एक तुकडा फेकून द्यावा

परळला मी बारावी बायोलॉजीच्या शिकवण्या घेते. यंदाच्या बॅचसाठी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानातून हा संच आणला. आत डीएनएची पट्टी, रायबोसोमचे (पेशीतलं प्रथिन जोडणारं यंत्र) दोन भाग, टीआरएनए (अमिनो आम्ल रायबोसोमपर्यंत वाहून आणणारा रेणू) आणि वीस रंगांची अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे मणी. किंमत १,२५०, थोडी घासाघीस चालते.

डीएनएवरून एमआरएनए, म्हणजे रायबोसोम वाचतो ती नक्कल, बनवायचा भाग यथातथाच. दोन्ही साखळ्या एकाच निळ्या रंगाच्या, त्यामुळे नक्कल नेमकी कुठल्या साखळीवरून करायची हे पोरांना कळत नाही. मी एकीला लाल टेप लावली. इंट्रॉन, म्हणजे नकलेतून काढून टाकायचे तुकडे, कापायची तर सोयच नाही. कात्री आणि कार्डशीट आपलीच.

पैसे वसूल होतात ते टीआरएनएपाशी. अमिनो आम्लं त्यावर टिचबटणानं बसतात, आणि सगळी बटणं एकाच मापाची. म्हणजे कुठलंही आम्ल कुठल्याही टीआरएनएवर बसतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा डिफेक्ट आहे, दुसरा संच बघता का?" मी म्हटलं, राहू द्या, मला हेच हवंय.

कारण रायबोसोम अमिनो आम्लाकडे बघतच नाही. एमआरएनएवरचा कोडॉन (तीन अक्षरांचा शब्द) आणि टीआरएनएचा अँटीकोडॉन (त्याला जुळणारी तीन अक्षरं) जुळला की तो पुढे सरकतो. १९६२ मध्ये शापव्हील आणि सहकाऱ्यांनी हे फार सुंदर दाखवलं. टीआरएनएवर बसलेल्या सिस्टीनचं त्यांनी निकेल वापरून अलॅनिन केलं, टीआरएनए तोच ठेवला. अलॅनिन मुकाट्यानं सिस्टीनच्या जागी जाऊन बसलं. वर्गात मी एकाला गुपचूप चुकीचं आम्ल लावायला सांगितलं. साखळी बिनबोभाट पुरी झाली, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग मॅडम, चूक पकडतं कोण?"

पकडतं ते आम्ल आणि टीआरएनए यांची जोडी लावणारं एन्झाइम, अमिनोअसिल टीआरएनए सिंथेटेज. प्रत्येक आम्लासाठी साधारण एक वेगळं, आणि त्यातली बरीचशी चुकीची जोडी लागली तर ती तोडतातसुद्धा. जेनेटिक कोडला, म्हणजे कुठल्या कोडॉनला कुठलं आम्ल या नियमाला, ज्याच्यामुळे अर्थ आहे ते एन्झाइमच खोक्यात नाही! मी एका मुलीला एन्झाइम केलं. बटण लावायचा अधिकार फक्त तिला. त्या दिवशी वर्गात तिचा काय रुबाब होता.

फेकायचा तुकडा म्हणजे यूएए या 'थांबा' सांगणाऱ्या कोडॉनसाठी दिलेला 'स्टॉप टीआरएनए'. पेशीच्या नेहमीच्या कारभारात असा टीआरएनए नसतो. ६४ पैकी ६१ कोडॉन अमिनो आम्लांचे. यूएए, यूएजी आणि यूजीए या तिघांना रिलीज फॅक्टर नावाचं प्रथिन ओळखतं आणि साखळी सुटी होते. हा तुकडा हाताळून गेलेलं पोर नीट परीक्षेत हमखास चुकणार. रायबोसोमला टीआरएनए बसायच्या ए, पी, ई या तिन्ही खाचा दिल्यात, ते बाकी चोख. पुस्तिकेत १९६८ चे नोबेलवाले खुराना आहेत, पण रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं नोबेल मिळवणारे रामकृष्णन नाहीत. का नाहीत, छापणाऱ्यांनाच ठाऊक.

नमुन्याचा क्रम कुठल्याच खऱ्या प्रथिनाचा नाही. मी बीटा ग्लोबिनची (रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग) सुरुवात लिहून दिली: एयूजी, जीयूजी, सीएयू, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी. शेवटच्या कोडॉनमधल्या ए च्या जागी यू ठेवा, ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन येतं. तोच सिकल सेल आजार. आमच्याजवळ केईएमच्या आवारात रक्ताच्या अशा आजारांवर काम करणारी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. रोज तिच्यावरून येणारी मुलं त्या दिवशी पहिल्यांदा विचारत होती, की तिथे चालतं काय.

अक्षरांचे स्टिकर पावसाळ्यात सुटतात, मार्करनं लिहून घ्या. आणि तुकडे दुकानातच मोजा. माझ्या खोक्यात ट्रिप्टोफॅनचा तुकडाच नव्हता. तक्रार केल्यावर दुकानानं निमूट पाठवून दिला.