16 मिनिटांचा ‘हिरोशिमा-नागासाकी’, बर्न वॉर्डातल्या सिस्टरच्या नजरेतून

एरिक बार्नो यांचा ‘हिरोशिमा-नागासाकी, ऑगस्ट 1945’ हा 1970 चा कृष्णधवल माहितीपट ऑनलाइन पाहिला. मी बरीच वर्षं बर्न वॉर्डात सिस्टर होते. त्यामुळे नजर आधी जखमांवर गेली, आणि जखमा बघताच प्रश्न पडला, हे शूटिंग नेमकं कधीचं?

भाजलेलं ताजं नाही. शूटिंग बार्नो यांचं नाही, निप्पॉन एइगाशा या जपानी फिल्म कंपनीचं; तिचे कॅमेरामन तिथे पोचले सप्टेंबरमध्ये. हिरोशिमावर बॉम्ब पडला 6 ऑगस्टला. अंगभर भाजलेला पेशंट पहिल्या दोन-तीन दिवसांत शॉकने, म्हणजे रक्तदाब कोसळून, जातो, त्यातून वाचला तर पुढे इन्फेक्शन गाठतं. तिथे तर डॉक्टर आणि नर्सही बहुतेक मेलेले किंवा जखमी. म्हणजे पडद्यावर दिसतात ती एवढ्यातून तगलेली माणसं. सगळ्यांत जास्त भाजले ते या फिल्ममध्ये नाहीतच. त्या दिवशीचे म्हणून योशितो मात्सुशिगे यांनी शहरात काढलेले पाच फोटो उरले आहेत. हे डोक्यात ठेवूनच बघायला बसा.

त्या कंपनीची मूळ फिल्म 2 तास 40 मिनिटांची, शास्त्रीय नोंदीसाठी केलेली. तिच्यात तज्ज्ञ स्फोटाच्या झळीने भिंती-दगडांवर उमटलेल्या सावल्यांचे कोन मोजून स्फोटाची जागा काढतात, इमारती तपासतात, झाडं तपासतात. माणसं त्या मानाने थोडी. शूटिंग चालू असताना नागासाकीत अमेरिकी लष्करी पोलिसांनी एका कॅमेरामनला पकडलं होतं. पुढे काम पुरं करू दिलं, पण 1946 मध्ये रिळं अमेरिकेला नेली. जपानी मंडळींनी एक प्रत लॅबच्या छतात दडवली, केवढी हिंमत! अमेरिकेने नेलेल्या फिल्मची प्रत जपानला परत दिली ती 1967 मध्ये.

बार्नो यांनी त्या ढिगातून माणसं वेचली, याचं मला फार मोल वाटतं. निवेदन शांत आहे, रडवायला बघत नाही. ड्रेसिंग करताना आम्हीही असंच बोलतो. उणीव एकच, पण मोठी: कुठला शॉट कोणत्या महिन्यातला, हे कळत नाही. जखम किती दिवसांची हे ठाऊक नसेल, तर पेशंट सुधारतोय की खचतोय हे कसं ओळखणार?

नर्सिंगच्या मुलींना जरूर दाखवावा, शिकवणाऱ्या बाईंनी अधूनमधून थांबवून. इंग्रजी सोपं आहे. लहान मुलांना मात्र दाखवू नका.