बाळंतपणाला गेले आणि हॉस्पिसमध्ये राहून आले

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी सांगलीहून इंग्लंडला गेले तेव्हा बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव आणि जुन्या लुगड्यांची दुपटी होती. बाळ फार दिवस राहणार नाही, हे विसाव्या आठवड्याच्या स्कॅननंतरच कळलं होतं. एडवर्ड्स सिंड्रोम, म्हणजे अठराव्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची. लेक-जावयांनी तरी बाळ येऊ द्यायचं ठरवलं. बाळ पोटात असतानाच मिडवाइफने त्यांची गाठ मुलांच्या हॉस्पिसशी, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची काळजी घेणाऱ्या घराशी, घालून दिली. मला ते मुळीच रुचलं नव्हतं. हॉस्पिस म्हणजे काशीला नेऊन ठेवतात तसं काहीतरी, एवढीच माझी समजूत.

हॉस्पिसचं नाव देत नाही, लेकीला नको आहे. तक्रार मात्र आधीच सांगून टाकते. मंगळवारी खोली देतो म्हणाले आणि दिली शुक्रवारी. रात्रपाळीला नर्स कमी होत्या म्हणे. ज्या घरात दिवस मोजून मिळालेत, त्यांना तीन दिवस म्हणजे काय, ते हॉस्पिसवाल्यांना कळायला हवं होतं. नातीची पाचवी त्यामुळे इस्पितळाच्या खिडकीत कोरा कागद आणि पेन ठेवून उरकली. सटवाईला मी काय लिही म्हणणार होते, कुणास ठाऊक.

हॉस्पिसमध्ये गेल्यावर पहिल्याच सकाळी नर्सने मला विचारलं, तुमच्याकडे बाळाला आंघोळ कशी घालतात? मी म्हटलं, पायावर घेऊन. तर म्हणाली, मग घाला की! पावणेदोन किलोचा जीव. एकीने नाकातली दुधाची नळी सांभाळली, दुसरीने मगने बारीक धार धरली. या आजारात मुठी घट्ट मिटलेल्या असतात, अंगठ्याजवळचं बोट मधल्या बोटावर चढलेलं. तेल लावून कोमट पाणी पडलं तशी उजवी मूठ जराशी सैल झाली. मी माझं बोट आत सरकवलं. इस्पितळात चार दिवस मी तिला नुसती काचेतून पाहत होते.

रात्री बाळ नर्सकडे आणि आईबाप वरच्या मजल्यावर झोपलेले. काही वाटलं तर फोन. बाळाचा श्वास मध्येच थांबायचा. तेव्हा काय करायचं, गालाच्या आत कुठलं औषध किती सोडायचं, कशासाठी ॲम्ब्युलन्स बोलवायची नाही, हे सगळं लेक-जावयांशी बोलून आधीच लिहून ठेवलेलं. डॉक्टरीणबाईंनी ‘किती दिवस’ हा विषय काढलाच नाही. या आठवड्यात काय काय व्हायला हवं, एवढंच विचारलं. लेक म्हणाली, बारसं.

बारसं आठव्या दिवशी केलं. ऑक्सिजनमुळे निरांजन नाही, बॅटरीचे दिवे! तेवढं मला खटकलं. पाळण्याऐवजी वेताची टोपली, आणि बाळाला नळ्या म्हणून नारळच वरून-खालून फिरवला. एक धिप्पाड नर्स टोपलीखाली हात घालून ‘गोविंड ग्या’ म्हणाली तेव्हा लेक हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. नाव काय ठेवलं ते घरातच राहू दे.

पाच वर्षांच्या थोरलीसाठी वेगळी बाई होती. तिच्यासोबत खेळता खेळता बाळाच्या पावलांचे ठसे घेतले, आणि सरळ सांगितलं, बाळ मरणार आहे. मी चिडले. मी तिला ‘देवबाप्पाकडे जाणार’ असं सांगून ठेवलं होतं. तर ती बाई म्हणाली, काल मुलीने मला विचारलं, तिकडून परत कधी येणार? मग मी गप्प बसले.

सतराव्या दिवशी पहाटे नात गेली, लेकीच्या छातीवर. तिथे एक थंड ठेवलेली खोली असते, बाळाला काही दिवस तिथे ठेवता येतं. लेक पाच दिवस तिथे जाऊन बसायची, तिला गोष्टी वाचून दाखवायची. आपल्यात असं ठेवत नाहीत. मला अजूनही ते पटलेलं नाही, आणि लेकीला मी तसं बोललेही नाही. त्याच दिवसांत तिचं दूध दाटलं. आजोळी, बेळगावकडे, अशा वेळी छातीला मोगऱ्याची फुलं बांधायचे. नर्सने फ्रिजमधली कोबीची पानं आणून दिली. दोघींनाही दुसरीचा उपाय विचित्र वाटला. पुरायचं की दहन, हे हॉस्पिसवाल्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं, आणि लहान मुलांच्या अंत्यविधीची फी तिथे सरकार भरतं हेही त्यांनीच सांगितलं.

खर्च? एक पेनी नाही. हॉस्पिसला सरकारकडून थोडेसेच पैसे मिळतात. बाकी देणग्या, लॉटरी आणि जुन्या वस्तूंची दुकानं. त्यांच्या दुकानातून मीही दोन पौंडांचा स्वेटर घेतला. मुलांचं असं पहिलं हॉस्पिस, हेलन हाउस, सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी १९८२ साली ऑक्सफर्डला काढलं. आता ब्रिटनभर पन्नासच्या आसपास आहेत. आपल्याकडे वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पण ते कर्करुग्णांसाठी. तान्ह्या बाळांसाठी असं घर मी सांगलीत तरी पाहिलेलं नाही.

तिकडे कुणावर अशी वेळ आली तर मिडवाइफलाच विचारा, किंवा ‘टुगेदर फॉर शॉर्ट लाइव्ह्ज’ या संस्थेकडून जवळचं हॉस्पिस कळतं. आजी-आजोबांनाही राहू देतात. जेवण मात्र अळणी. स्वयंपाकघर आपल्याला वापरू देतात, मी रोज अळिवाची खीर तिथेच केली. गूळ तेवढा बरोबर न्या.