माकूल हरते, डुक्कर जिंकतं

मे महिन्यात मेन रोडवरून लेकीसाठी प्राण्यांच्या पत्त्यांचा कॅट घेतला. १८० रुपये, ३२ पत्ते. प्रत्येकावर चित्र आणि चार आकडे: वजन, लांबी, पाय, आयुष्य. ज्याचा आकडा मोठा त्याचा डाव. पत्ते दणकट आहेत. चहा सांडला, पुसला, काही झालं नाही.

माझं माहेर मालवणचं, सासर पेठ गावचं, शेतीवाडीचं. पहिल्याच डावात माझ्याकडे हवाई बेटांवरची बॉबटेल माकूल (म्हणजे स्क्विड) आली आणि पुतण्याकडे रानडुक्कर. म्हटलं, बसली दोन्ही घरं समोरासमोर!

"काकू, वजन!" त्याचं १०० किलो. माझी माकूल अंगठ्याएवढी, जेमतेम ३ सेंटीमीटर. आयुष्य? डुकराचं १० वर्षं, हिचे काही महिने. उरले पाय, म्हटलं इथे तरी जिंकू. तर तिथे छापलंय शून्य! अहो, आठ हात आणि वर दोन लांबडे वेगळे. माकूल साफ करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारायचं होतं.

सगळे रकाने डुकराच्या मापाने आखलेत, हे मला खुपलं. खरं तर दोघंही रात्रीचे, दोघंही उकरणारे. डुक्कर दिरांच्या भुईमुगात नाकाने चर पाडून जातं. ही दिवस उजाडला की वाळूत शिरते आणि हातांनी अंगावर वाळू ओढून घेते. रात्री पोटाखाली उजेड लावून फिरते, म्हणजे चांदण्यात खालून बघणाऱ्या माशाला तिची सावली दिसत नाही. तो उजेडही उसना: समुद्रातले जिवाणू अंगात पाळलेले. रोज पहाटे त्यातले बहुतेक बाहेर टाकते, उरलेले दिवसभरात पुन्हा वाढतात. पत्त्यावर यातलं अक्षर नाही. डुकराला मात्र अख्खा नकाशा: युरोप, आशिया, उत्तर आफ्रिका, शिवाय माणसांनी नेऊन सोडलं ती अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया. नकाशा छान आहे, खोटं कशाला बोलू.

शेवटी लेकीनेच पाचवा रकाना काढला: हृदयं. माकूल ३, डुक्कर १. तेव्हापासून पत्ते वाटताना माकुलीसाठी भांडणं होतात.

पाचपैकी ३ तारे. घेणार असाल तर सोबत बारीक टोकाचं मार्कर आणा. त्या गुळगुळीत पत्त्यांवर बॉलपेन उठत नाही.