चंद्र किती कोसांवर? जीएनयू युनिट्स वापरून बघितलं

आईला सांगितलं चंद्र ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर आहे, तर म्हणाली कोसात सांग, किलोमीटर मी कधी चालले नाही. तिचा कोस दोन मैलांचा, माहेरापासून बाजाराच्या गावापर्यंत बरोब्बर एक, पायाखालचा.

आधी मोबाइलवर एक कन्व्हर्टर टाकला, त्यात कोस होता पण तो किती लांबीचा धरलाय हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि कोस तर मुलखागणिक बदलतो, मग त्या उत्तराचं करायचं काय? काढून टाकला.

मग कॉम्प्युटरवर जीएनयू युनिट्स हे मापं बदलून देणारं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, टर्मिनलमधे चालतं, बटणं वगैरे काही नाही, तुमच्याकडे काय आहे आणि काय हवंय एवढंच विचारतं. पार्सेक, प्रकाशवर्ष, मैल, फर्लांग आधीपासूनच भरलेलं. पण मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे आपलं माप आपण त्याला शिकवू शकतो. होम फोल्डरमधे डॉट युनिट्स नावाची फाइल करायची आणि एका ओळीत लिहायचं, कोस म्हणजे २ मैल. झालं. चंद्र १,१९,४२७ कोस! आळंदी ते पंढरपूर पायी साधारण अडीचशे किलोमीटर धरले तर दीड हजारांवर वाऱ्या होतात, हे ऐकल्यावर आईनं शेंगांची परात बाजूला ठेवली आणि परत सांग म्हणाली.

मग मी योजन या जुन्या मापाच्या मागे लागलो. योजन नक्की केवढं यावर वाद आहेत, पण सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात पृथ्वीचा व्यास १६०० योजनं दिलाय, म्हणून आजचा व्यास १२,७५६ किमी भागिले १६०० हीच व्याख्या फाइलमधे टाकली, जवळपास ८ किमी येतं. त्याच ग्रंथात चंद्राच्या कक्षेचा परीघ ३,२४,००० योजनं आहे, त्याला २π नं भागलं, म्हणजे अंतर निघतं, आणि स्क्रीनवर ४ लाख ११ हजार किमी. आजच्या अंतरापेक्षा फक्त ७ टक्के जास्त, अंगावर काटा आला खरंच. सूर्याचं मात्र जमत नाही, ४३,३१,५०० योजनांच्या परिघातून जेमतेम ५५ लाख किमी निघतात आणि खरं अंतर १५ कोटींच्या घरात. कारण सगळे ग्रह रोज सारखीच योजनं चालतात असं धरलेलं, म्हणजे फेरीला जितके दिवस जास्त तितकी कक्षा मोठी, चंद्राला २७.३ दिवस आणि सूर्याला ३६५, म्हणून सूर्याची कक्षा चंद्राच्या १३.४ पटच.

एक लक्षात ठेवा, मोठे आकडे आखडून येतात, सूर्याचं अंतर फर्लांगात मागितलं तर ७.४३६४६४६ई+०८ दिसलं, म्हणजे ७४ कोटी ३६ लाख. सुरू करताना डॅश डी १२ लिहिलं की अंक सरळ दिसतात. मराठीत नाहीये, पण ज्यांच्या घरी कोसात बोलणारं माणूस आहे त्यांनी नक्की घ्या, आणि कोस केवढा ते आधी त्यांनाच विचारून भरा.