आठ महिने पॉइंटवर: 1962 च्या बुलेटचा ट्रायल्समधील अनुभव

गेल्या रविवारी अंजनेरीच्या पायथ्याजवळ एका मित्राच्या शेतातील ओहोळात, तिसऱ्या सेक्शनच्या मधोमध, माझी रॉयल एनफील्ड बुलेट एक आचका देऊन बंद पडली आणि तोपर्यंत एकदाही पाय न टेकता आलेल्या मला एकदम पाच दंडगुण बसले. पुढे केवळ दोनच शिळा उरल्या होत्या. ट्रायल्समध्ये दगडधोंड्यांचे आखलेले टप्पे, म्हणजे सेक्शन, गाडी न थांबवता आणि पाय न टेकता पार करायचे असतात. टायरमध्ये हवा किती ठेवावी, पुढचे स्प्रॉकेट किती दात्यांचे असावे, हे या छंदातील मंडळींना सांगण्याची गरज नाही. म्हणून आठ महिन्यांत ज्या एका तळहाताएवढ्या डबीने माझी झोप घालवली, त्या पॉइंट इग्निशनविषयीच, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या संपर्कांनी प्लगवर ठिणगी पाडणाऱ्या जुन्या व्यवस्थेविषयीच लिहीत आहे.

आमच्या सात-आठ जणांच्या गटाचा नियम असा की गाडी 1965 पूर्वीच्या घडणीची असावी आणि भाग बदलला तरी तो त्या काळच्या पद्धतीचाच असावा. ही रेघ ब्रिटनमधील ‘प्री-65’ वर्गावरून घेतली आहे. ट्रायल्स स्वार सॅमी मिलर याने 1964 मध्ये स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्पर्धा ब्रिटिश एरिअलच्या फोर-स्ट्रोकवर जिंकली आणि 1965 मध्ये तीच स्पर्धा स्पॅनिश बुल्टाकोच्या हलक्या टू-स्ट्रोकवर. जड ब्रिटिश सिंगल सिलिंडर गाड्यांचे दिवस तिथून भरले. या वर्गातील बुलेटचा हक्क मात्र उसना नाही. 1948 मध्ये इटलीत झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत मागे स्विंगआर्म (मागचे चाक वरखाली होऊ देणारी भुजा) असलेल्या बुलेटवरील स्वारांनी सुवर्णपदके मिळवली होती आणि जॉनी ब्रिटन याने स्कॉटलंडची ती स्पर्धा 1952 आणि 1957 मध्ये रॉयल एनफील्डवर जिंकली होती. अशा गाडीच्या झाकणाखाली पॉइंटच्या जागी बसणारी आजची इलेक्ट्रॉनिक किट दडवणे म्हणजे झाकण जुने आणि पोट नवे, असे माझे पहिल्यापासूनचे मत होते. ते मध्यंतरी डळमळले, हेही कबूल करतो.

पहिले तीन महिने गाडीने छळले. पॉइंटचा गॅप, म्हणजे ते उघडल्यावर पडणारी फट, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) 0.38 मिलिमीटर लावावा, टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवण्यासाठी, पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातील पातळ कागद धरून तो सुटतो कधी ते पाहावे, अँपिअर मीटरचा काटा त्याच क्षणी शून्याकडे उडी घेतो की नाही याची खात्री करावी आणि समाधानाने चहा घ्यावा. पण अर्धा तास गाडी चालवून पुन्हा झाकण उघडले की गॅप भलताच निघे. त्यातच कंडेन्सर, म्हणजे पॉइंट उघडताना तिथे ठिणग्या उडू न देणारा भाग. गाडी थंड असताना पहिल्या किकला सुरू होई आणि तापली की दम तोडी. संध्याकाळच्या अंधारात झाकण काढून पाहिले, तेव्हा पॉइंटच्या तोंडाशी निळ्या ठिणग्यांची आतषबाजी चालली होती. जी ठिणगी प्लगवर पडायची ती इथेच खर्च होत होती. नवा कंडेन्सर 140 रुपयांना आणला, तो बारा दिवस टिकला. परत घेऊन गेलो तर दुकानदार शांतपणे म्हणाला, “काका, इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नसते.” मी त्याला बिल दाखवले, त्याने मला बिलाच्या तळाशी छापलेली तीच ओळ दाखवली. दुसरा कंडेन्सर घेताना पुन्हा 140 रुपये मोजावे लागले. तोही महिना पुरा करू शकला नाही.

या संतापातच मित्राकडून इलेक्ट्रॉनिक किट मागून आणली आणि केवळ सरावापुरती, त्यासाठी लागणारी बारा व्होल्टची कॉइल व बॅटरी घालून, दोन महिने वापरली. गाडी पहिल्या किकला सुरू होऊ लागली, अगदी मंद गतीतही इंजिन सुरेख बसून राहू लागले, आणि मला वाटू लागले की आपण उगाच सोवळे पाळतो आहोत. माझ्या गाडीचे चार्जिंग सहा व्होल्टचे असल्याने बारा व्होल्टची ही बॅटरी दर शनिवारी रात्री घरी चार्जरला लावावी लागे. एका शनिवारी विसरलो. रविवारी चढावर इंजिन क्षणात मुके झाले. अडखळणे नाही, फटके नाहीत, कसलीही पूर्वसूचना नाही. बॅटरी उतरली तर पॉइंटवरची गाडी निदान खोकत-खोकत सेक्शनबाहेर तरी येते, ही गोष्ट मला तेव्हा फार मोठी वाटली.

खरा उलगडा मात्र नाशिकमधील द्वारका चौकाजवळच्या एका वयस्क मिस्त्रींनी केला. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यांनी पॉइंट पाहिलेसुद्धा नाहीत. ज्या शाफ्टवरचा कॅम पॉइंट उघडतो तो दोन बोटांत धरून आडवा हलवला. तो हलला! शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश झिजलेला असल्याने गाडी उभी असताना लावलेला गॅप चालत्या गाडीत तसा राहणे शक्यच नव्हते. मी सातपूरच्या एका टूल रूममध्ये सव्वीस वर्षे लेथवर काढली आहेत, त्यामुळे या निदानाचा आनंद कमी आणि शरम जास्त वाटली. जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गनमेटलचा नवा बुश स्वतः वळवला, शाफ्टच्या मापाने रीमर फिरवला, किट काढून मित्राला परत दिली आणि पुन्हा सहा व्होल्टवर आलो. त्यानंतर तीन महिने गॅप केसभरही सरकला नाही. आठ महिन्यांतील बहुतेक दोष ज्या पॉइंटच्या माथी मारत होतो, ते त्यांचे नव्हतेच. कंडेन्सरविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

मग गेल्या रविवारी काय झाले? झाकण उघडले तेव्हा दिसले की पॉइंटच्या ज्या फायबरच्या टाचेवर कॅम घासतो ती टाच अर्धी झिजून गॅप जवळजवळ बंद झाला होता. कॅमला ग्रीस होते, शाफ्ट घट्ट होता. पॉइंटचा सेट मात्र नवा होता आणि दुसरीकडे 60 रुपये जास्त पडतात म्हणून तो मी त्याच दुकानातून आणला होता. घरी हे सांगितले नाही.

पुढच्या रविवारसाठी चांगला सेट घेतला आहे. जोडीला तपासलेला एक कंडेन्सर, फीलर गेज आणि स्क्रू-ड्रायव्हर रेक्झिनच्या पिशवीत सीटखाली बांधून ठेवले आहेत. झिजलेला सेटही टाकलेला नाही. बिलासह तो घेऊन मी बुधवारी त्या दुकानात जाणार आहे.