मिलिटरी सरप्लसचं गन ऑइल घेताय? आधी हे वाचा

सोलापुरात लायसन्सची बंदूक असलेल्यांनी वाचाच, पिकं राखायला बंदूक घेतलेल्यांनी तर नक्कीच. मंगळवार बाजारात एकाकडून "मिलिटरी सरप्लस गन ऑइल" (लष्करात उरलेलं, बंदुकीला लावायचं तेल) म्हणून लिटरचे दोन डबे घेतले, 850 ला एक, म्हणजे 1700 रोख. निवडणुकीत बंदूक जमा केलेली, परत मिळाली तेव्हा नळीवर गंजाचे ठिपके, तेल लागणारच होतं की.

झाकण फिरवलं तर सील नव्हतंच, आणि जळका वास, ट्रॅक्टरचं ऑइल बदलताना येतो तोच, माझा जन्म गेला ट्रॅक्टरवर, मला वास कळणार नाही का, कळला, तोंडावर विचारलं, तर म्हणतो "काका, जुना स्टॉक आहे, मिलिटरीचं असंच असतंय". तो क्षण आठवला की अजून डोकं फिरतंय, तिथंच डबा त्याच्यापुढं आपटायचा होता. पण सीलबंद डब्यातलं तेल वर्षानुवर्षं टिकतं हे खरंच आहे, त्या खऱ्याच्या आड यानं खोटं विकलं, कुणीही फसला असता.

इंजिनातून काढलेल्या तेलात काजळी, ॲसिड, पाणी, धातूचा चुरा असतोय. तेच मी बंदुकीला लावलं, तर गंज थांबायचा सोडून वाढला, आत चिकट थर बसला आणि मक्यात रानडुकरं शिरली त्या रात्री चाप ओढला तर नुसतं टक्. (असं झालं तर लगेच बंदूक उघडू नका, तोंड मोकळ्या बाजूला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, बार उशिरा उडू शकतो.) मिस्त्रीनं खोलून धुतली, 2400 घेतले. एकूण 4100, मका गेला तो वेगळा.

पोलीस ठाण्यात गेलो तर तक्रार राहिली बाजूला, माझंच लायसन्स मागितलं, मिलिटरीचा माल तुम्ही घेतलाच कसा म्हणून उलट मलाच दम, मग म्हणे बिल आणा, बाजारात बसणारा बिल देतोय का ओ, मग म्हणे ग्राहक मंचाकडं जा, अर्ज तरी घ्या म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. फसवणाऱ्याला विचारायला यांना वेळ नाही, आणि लायसन्सवाला दिसला की कागद तपासायला सगळे मोकळे!

डब्यावर कंपनीचं नाव, पत्ता, महिना-वर्ष नसेल तर हात लावू नका. घेतलंच असेल तर गरम तव्यावर एकच थेंब टाकून बघा, तडतडलं तर पाणी आहे. पैसे यूपीआयनंच द्या, पुरावा राहतो. ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि 5 लाखांपर्यंतच्या मालाला जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे त्याच मंचात, फी नाही, हे ठाण्यात कुणी सांगत नाही. डबे मी जपून ठेवलेत, त्याच माणसाकडनं अजून कुणी घेतलं असेल तर सांगा, मिळून अर्ज टाकू.