राउटरचं सेटिंग्ज पान उघडत नाही: गेटवे तपासायचा की थेट रीसेट?

पान उघडलं नाही की बरेच जण लगेच रीसेटच्या भोकात पिन घालतात. कृपया थांबा, बहुतेकदा चूक पत्त्यात असते. १९२.१६८.१.१ हा पत्ता सगळ्या राउटरना चालत नाही, काहींचा १९२.१६८.०.१ असतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा चालवा. ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणजे तुमचा राउटर; त्याच्यासमोर दिसेल तो पत्ता ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये टाका, सर्च बॉक्समध्ये टाकला तर नुसते शोधाचे निकाल येतात. फोनवर मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवा. गेस्ट नेटवर्कवरून हे पान सहसा उघडत नाही, मुख्य नेटवर्कला जोडा. त्याच यादीत तुमच्या कॉम्प्युटरचाच पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही; लॅन केबल लावून बघा. यात काहीही पुसलं जात नाही.

रीसेटला राउटर चालू ठेवून बटण साधारण १० सेकंद दाबायचं. मात्र वाय-फायचं नाव, पासवर्ड, पीपीपीओई लॉगिन (इंटरनेट कंपनीने जोडणीसाठी दिलेलं नाव-पासवर्ड) सगळं जातं. ते लॉगिन लिहून ठेवलेलं नसेल तर इंटरनेटही बंद! पान उघडतंय पण ॲडमिनचा पासवर्ड चालत नाही, तेव्हाच हा मार्ग घ्या. तोही राउटरखालच्या स्टिकरवरचा मूळ पासवर्ड वापरून झाल्यावर.